बघ्याची निर्दोषता

‘बघ्या’ हा शब्द मराठींत कोणी गौरवानें वापरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आग लागली असतां जो घागर उचलीत नाहीं तो बघ्या. रस्त्यांत मारामारी चालली असतां जो मान उंच करून उभा राहतो तो बघ्या. आणि वर्तमानपत्रें एखाद्या अधिकाऱ्यावर रुष्ट झालीं म्हणजे त्यानें ‘बघ्याची भूमिका’ घेतली असें लिहितात. पण हाच मनुष्य गांव सोडून डोंगरावर किंवा समुद्रावर गेला, आणि तेथें कांहीं न तोडतां, कांहीं न मारतां, केवळ पाहत बसला, कीं त्याला आपण रसिक म्हणतों. म्हणजे माणसांमध्यें नुसतें पाहणें हा दोष, आणि सृष्टीमध्यें नुसतें पाहणें हा गुण! हा भेद आम्हीं आजवर कोणत्याही शंकेवांचून मान्य केला होता. इतकेंच नव्हे, तर महाविद्यालयांतील व्याख्यानांत सौंदर्याचा अनुभव समजावून सांगतांना, कांटचा आधार घेऊन, वस्तूची अभिलाषा न धरतां तिच्या दर्शनानें होणारा आनंद तोच शुद्ध आनंद, असें आम्ही गेलीं पंचवीस-सव्वीस वर्षें मुलांना सांगत आलों आहों. गेल्या जानेवारींत मालवणच्या समुद्रावर घालविलेल्या एका सकाळीनें त्या व्याख्यानांत थोडी अडचण उत्पन्न केली आहे. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

मंडळी लहानशीच होती. आम्ही, आमच्या सौभाग्यवती, न्यायखात्यांतून निवृत्त झालेले एक स्नेही, आणि आमच्या भाचीचा नऊ वर्षांचा मुलगा. हल्लीं मालवणपासून तारकर्ली-देवबागपर्यंतच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखविण्याचा, आणि तोंडाला कांचेचा मुखवटा व नळी लावून पाण्याखालचें जग दाखविण्याचा मोठाच व्यवसाय उभा राहिला आहे. आम्हीं चौघांपुरती निराळी होडी ठरविली. कारण गर्दीनें सृष्टिसौंदर्याचा विरस होतो याविषयीं आमचें व न्यायाधीशांचें एकमत होतें. गर्दी म्हणजे अर्थात् दुसरे लोक.

सकाळीं सातच्या सुमारास किनाऱ्यावर गेलों तेव्हां मासळी उतरत होती. बांगड्यांच्या टोपल्या, त्यांवर घोंघावणाऱ्या माशा, बायकांचा भावाविषयींचा गलका, आणि वाळूवर वळवळणारे एक-दोन जीव. आमचे न्यायाधीश कट्टर शाकाहारी आहेत. त्यांनीं हातरुमाल नाकास लावला आणि इंग्रजींत नव्हे, चांगल्या स्पष्ट मराठींत म्हटलें, “आपण निदान समुद्राकडून घेत तरी कांहीं नाहीं. पाहतों आणि परत जातों.” आमचा तांडेल, चाळिशीचा एक गाबीत गृहस्थ, गुडघाभर पाण्यांत होडी धरून उभा होता. त्याच्या कानावर हें गेलें असावें. “पोटाक लागता, साहेब,” एवढेंच तो म्हणाला, आणि न्यायाधीशांना आंत चढवून घेण्यासाठीं त्यानें हात पुढें केला. त्या हाताला मासळीचा वास होता. तो न्यायाधीशांनीं धरला, कारण त्यावांचून चढतां येणें शक्य नव्हतें.

समुद्र शांत होता. डाव्या हाताला सिंधुदुर्ग. १६६४ च्या नोव्हेंबरांत ज्याचा पाया घातला गेला तो हा कोट सकाळच्या उन्हांत पाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो. त्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही करीत नाहीं. अर्ध्या तासानंतर तांडेलानें यंत्राचा वेग कमी केला आणि बोटानें दाखविलें. प्रथम आम्हांस कांहींच दिसलें नाहीं. मग एका लाटेची पाठ इतर लाटांहून अधिक काळसर व अधिक घट्ट वाटली, तिच्यावर एक लहानसें कल्ल्याएवढें त्रिकोणी टोंक उभें राहिलें, आणि पाठोपाठ एक उसासा ऐकूं आला. त्या उसाशाचें आम्हांस विशेष वाटलें. मासा उसासा टाकीत नाहीं. डॉल्फिन हा मासा नव्हे, तो आपल्यासारखाच हवेवर जगणारा व पिल्लांस दूध पाजणारा प्राणी आहे, हें ॲरिस्टॉटलनेंही लिहून ठेविलें आहे. आम्हीं तें वाचलेंही होतें. पण वाचणें निराळें, आणि पंचवीस-तीस हातांवर एका अनोळखी प्राण्यानें आपल्याच हवेंतला श्वास घेतलेला ऐकणें निराळें. मुलानें आमचा हात घट्ट धरला होता.

आमच्या किनाऱ्यालगत जो दिसतो तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं त्याची जाति स्वतंत्र ठरविली, आणि आतां ती संकटग्रस्त जातींत मोडते. संकटाचें मूळ या प्राण्याच्या आवडींतच आहे. त्याला खोल समुद्र मानवत नाहीं. किनाऱ्याजवळचें उथळ पाणी, खाड्यांचीं मुखें, म्हणजे जेथें जाळीं, यंत्रें, सांडपाणी आणि आम्ही, तेंच त्याचें घर.

आतां आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. पाहतां पाहतां आणखी तीन होड्या तेथें आल्या. डॉल्फिन बुडाला कीं चारी होड्या थांबत, आणि कोठें वर आला कीं चारी तिकडे धांवत. आमचा तांडेल मागें राहूं लागला. न्यायाधीशांना छायाचित्र हवें होतें, मुलाला उडी मारणारा डॉल्फिन हवा होता, आणि आम्हांस? आम्हांस तें नीट सांगतां येणार नाहीं. पण दुसऱ्या होडींतील मंडळी आपल्यापेक्षां अधिक पाहत आहेत ही कल्पना सहन होईना, हें खरें. आम्ही तांडेलाला म्हणालों, “आणखी जवळ न्या ना. वाटल्यास वर पांचशें रुपये घ्या.” तो म्हणाला, “काका, तिच्या वांगडा पिल्लू आसा. हयसूनच बघा.” आम्हीं पाहिलें; खरोखरच मोठ्या पाठीच्या आडून एक लहान, फिकट पाठ वर येत होती. वास्तविक येथें आम्हीं गप्प बसावयास हवें होतें. पण पिल्लू आहे हें कळल्यावर आमची उत्सुकता निवण्याऐवजीं वाढली. “मग तर न्याच,” असें आमच्या तोंडून गेलें. तांडेलानें आमच्याकडे क्षणभर पाहिलें. “तुमी म्हणतास तर नेतंय,” असें म्हणून त्यानें यंत्र वाढविलें. आम्ही दहा-बारा हातांवर गेलों असूं. आई व पिल्लू एकदमच खालीं गेलीं, आणि पुन्हां वर आलीं तीं पार दूर, दर्यावर्दी बाजूला, जेथें त्यांना जावयाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

मुंडकोपनिषदांत एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टांत आहे. एक फळ खातो, दुसरा न खातां नुसता पाहतो. शेंकडों वर्षें आम्हीं त्या दुसऱ्या पक्ष्याला वंदन केलें आहे. खाणारा तो बद्ध जीव आणि पाहणारा तो साक्षी. त्या दिवशीं होडींत बसल्या बसल्या आमच्या मनांत प्रथमच असा प्रश्न आला कीं, आपल्याकडे टक लावून कोणी बसलें आहे याचें त्या खाणाऱ्या पक्ष्याला काय वाटत असेल? एकाही भाष्यकाराच्या ग्रंथांत आम्हांस या प्रश्नाची दखल आढळली नाहीं. सांख्यांनीं मात्र थोडा विचार केला आहे. ईश्वरकृष्णाच्या कारिकेंत प्रकृति ही नर्तकी, आणि पुरुष हा प्रेक्षक. आणि आपण पाहिलें गेलों हें कळतांच ती लाजून पुन्हां त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. सांख्यांच्या मतें हाच मोक्ष. पण यांत पुरुष जागचा हलत नाहीं, हें लक्षांत घेतलें पाहिजे. निघून गेलेल्या नर्तकीच्या मागें पांचशें रुपये घेऊन धांवणारा पुरुष कोणत्याही दर्शनांत वर्णिलेला नाहीं.

साक्षीला यंत्र नसतें, हा खरा भेद. या यंत्राबद्दल थोडें सांगतों, कारण आमचा सारा प्रश्न तेथें अडला आहे. गढूळ पाण्यांत डोळा फार दूर पोंचत नाहीं. म्हणून डॉल्फिन कानानें पाहतो. तो बारीक टिचक्यांसारखे ध्वनि सोडतो, ते माशावर, खडकावर, जाळ्यावर आपटून परत येतात, आणि त्या प्रतिध्वनींवरून समोर काय आहे, किती दूर आहे, हें त्याला समजतें. आई आणि पिल्लू एकमेकांना ओळखतात तेंही ध्वनीनेंच. हवेपेक्षां पाण्यांत ध्वनि चौपटीहून अधिक वेगानें जातो. अशा ठिकाणीं चार होड्यांचीं यंत्रें एकदम सुरू होणें म्हणजे काय, याची कल्पना आपणांस डोळ्यांच्याच भाषेंत करतां येईल : घरांत आई मुलाला जेवूं घालीत बसली आहे, आणि खिडकींतून चार जणांनीं धुराचे लोट आंत सोडून, त्या धुरांतून तिचें वात्सल्य पाहण्याचा प्रयत्न चालविला आहे. आम्हीं तिला पाहिलें. परंतु आमच्या पाहण्यानें तिचें पाहणें तितका वेळ अंधुक झालें. ‘कांहीं घेत नाहीं’ हें वाक्य यानंतर उच्चारणें कठीण आहे.

आणि कांटचें काय? सुंदर वस्तूविषयीं अभिलाषा नसावी, ही अट आम्हीं पाळली असें आम्हांस होडींत शिरेपर्यंत वाटत होतें. डॉल्फिन घरीं नेण्याची आमची इच्छा नव्हती, त्याला खाण्याची तर नव्हतीच. परंतु ‘मीं डॉल्फिन पाहिला’ हें वाक्य आम्हांस हवें होतें. तें पुण्यास नेऊन स्नेह्यांपुढें ठेवावयाचें होतें. वस्तूचा लोभ नसला तरी दर्शनाचा लोभ असतो, आणि तोही मालमत्तेसारखाच मोजला जातो. शेजारच्या होडीशीं तुलना तेथेंही सुटत नाहीं. व्याख्यान देतांना हा दुसरा लोभ आमच्या ध्यानांत आला नव्हता. मुलांपैकीं एकानेंही तो दाखवून दिला नाहीं, ही गोष्ट आमच्या अध्यापनाला फारशी भूषणावह नाहीं.

धाकट्या प्लिनीनें आपल्या एका पत्रांत एक हकीकत लिहिली आहे. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिप्पो नांवाचें गांव होतें. तेथील मुलें पोहण्याची शर्यत लावीत. एक मुलगा फार दूर गेला असतां एक डॉल्फिन त्याच्याभोंवतीं खेळूं लागला, त्यानें त्याला पाठीवर घेतलें, आणि किनाऱ्यावर सुखरूप आणून सोडलें. पुढें हें रोजचेंच झालें. प्लिनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो : या डॉल्फिनाबरोबर दुसरा एक डॉल्फिन येत असे, तो कोणाला हात लावूं देत नसे, खेळांत शिरत नसे, तो केवळ प्रेक्षक व सोबती. उपनिषदांतला पक्षी रोमन साम्राज्यांत डॉल्फिन होऊन आला असें वाचतांना आम्हांस वाटलें होतें. असो. बातमी पसरली. एका मोठ्या अधिकाऱ्यानें भक्तिभावानें त्या डॉल्फिनाच्या अंगावर सुगंधी तेल ओतलें. तो बिचारा खोल पाण्यांत पळाला आणि कांहीं दिवसांनीं आला तो मरगळलेला. पुढें तो सुधारला, पण त्याला पाहण्यासाठीं प्रांतांतील अधिकाऱ्यांची रीघ लागली, त्यांच्या सरबराईनें लहानशा गांवाची तिजोरी खचूं लागली, गांवाची शांतता गेली. तेव्हां गांवकऱ्यांनीं ठरवून, गुपचूप, त्याला मारून टाकलें.

या गोष्टींत दुष्ट असा कोणीच नाहीं. तेल ओतणारा श्रद्धाळू, पाहुणे रसिक, गांवकरी त्रासलेले. प्रत्येक जण फक्त पाहावयास आला होता.

परततांना ही हकीकत आम्हीं न्यायाधीशांना सांगितली. त्यांनीं ती कायदेशीर शांतपणानें ऐकून घेतली आणि उलट बाजू मांडली. ती अगदींच लंगडी नव्हती. ते म्हणाले, जें लोक पाहत नाहींत त्याची लोकांना चाड नसते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें डॉल्फिनाला अभय दिलें. २०१३ सालीं केंद्र शासनानें डॉल्फिनांना तलावांत कोंडून त्यांचे खेळ करविण्यास मनाई केली. हें ज्यांना त्या प्राण्याचें प्रेम होतें त्यांच्यामुळें झालें, आणि प्रेम दर्शनावांचून उपजत नाहीं. आम्हीं त्यांना ऑस्ट्रेलियांतील शार्क बेचें उदाहरण दिलें. तेथें डॉल्फिन दाखविणाऱ्या परवानाधारक होड्या एकाच्या दोन झाल्या, तेवढ्यानेंच त्या भागांतील डॉल्फिनांची संख्या घटली, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. आणि तेथील शासनानें दुसऱ्या होडीचा परवाना बंद केला. हवाई बेटांजवळ दिवसा विश्रांति घेणाऱ्या डॉल्फिनांच्या पन्नास यार्डांच्या आंत जाण्यास अमेरिकेनें २०२१ मध्यें बंदी घातली. म्हणजे प्रेम उपजेपर्यंत पाहण्याचा आणि तें उपजल्यावर थांबण्याचा हिशेब कोणीं तरी ठेविला पाहिजे. “तो हिशेब शासनानें ठेवावा,” न्यायाधीश म्हणाले. त्यांच्या अंतरांची बंधनें बरोबर आहेत. पण दहा हातांवर जाऊं द्या म्हणणारे शासन नव्हतें, आम्ही होतों.

तांडेल हें सारें ऐकत होता. आम्हीं त्याला विचारलें, पूर्वीं काय करीत होतास? रापणीवर होतों, म्हणाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सारा गांव मिळून ओढतो तें लांब जाळें. यांत्रिक होड्या व पर्ससीन जाळीं आल्यापासून त्याच्या वांट्याला पूर्वींसारखी मासळी येत नाहीं. १९८७ सालीं मालवणच्या समुद्राचा सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हां येथल्या मच्छीमारांनीं विरोध केला. त्यांचें म्हणणें साधें होतें : आमचें पोट कोठें न्यावयाचें? आज त्याच पाण्यावर त्यांच्यापैकीं कित्येकांचें पोट आमच्यासारख्यांच्या डोळ्यांवर चालतें. त्यामुळें प्रश्न आणखी गुंततो. आम्ही उद्यां पश्चात्तापानें घरीं बसलों, तर आमचा हात धुतला जाईल, पण त्याच्या मुलांच्या शाळेच्या फीचें काय? त्याला पिल्लू दिसलें होतें, आम्हांस दिसलें नव्हतें. त्यानें नको म्हटलें, आम्हीं हट्ट धरला. आणि तरीही त्या धांवेंत त्याचाच हात यंत्रावर होता. कोणाच्या पदरीं किती दोष घालावा हें ठरविणें न्यायाधीशांनाही जमलें नाहीं, आणि त्यांनीं तें जमविण्याचा प्रयत्नही केला नाहीं.

दुसरा कार्यक्रम किल्ल्याजवळच्या खडकांत. पाणी पुरुषभर, कोठें थोडें अधिक. तांडेलाचा पोरगेला खलाशी आमच्याबरोबर उतरला. त्यानें दोन गोष्टी बजावल्या : नळींतून सावकाश श्वास घ्या, आणि कांहीं झालें तरी खालीं पाय टेकूं नका, पोवळीं जिवंत आहेत. कांचेंतून जें दिसलें त्याचें वर्णन करणें आम्हांस साधणार नाहीं. बशीएवढे पिवळे मासे, काळ्या पट्ट्यांचे लहान मासे, आणि खडकांवर पसरलेलीं पोवळ्यांचीं तबकें व डिखळें, सारें निःशब्द. अक्षरशः आपल्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नाहीं. येथें तरी यंत्र नव्हतें. येथें आम्ही साक्षी होऊं शकलों असतों. पण एक लाट नळीवरून गेली, घशांत खारें पाणी शिरलें, आणि पन्नाशी उलटलेला, कांट शिकविणारा हा प्राध्यापक भीतीनें ताठ उभा राहिला. पायाखालीं कांहींतरी मोडलें. जुन्या मडक्याचा कांठ मोडावा तसें तें आम्हांस टांचेला जाणवलें. खलाशानें दंड धरून आम्हांस वर ओढलें. तो रागावला नाहीं, तो बहुधा रोज कोणाला तरी ओढीत असावा. पोवळ्यांच्या कित्येक जाति वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. मोडलें तें तळहाताएवढें असेल. हिशेब वाचकांनीं करावा. समोरच्या किल्ल्यांत चुन्यामध्यें उमटलेला शिवरायांच्या पायाचा ठसा म्हणून एक ठसा भाविकांना दाखवितात, आणि आम्हीं तो आदल्या दिवशीं पाहिला होता. आमचाही ठसा आतां मालवणांत आहे. तो कोणी दाखविणार नाहीं इतकेंच.

आमच्या सौभाग्यवतींना पोहतां येत नाहीं. त्या हवा भरलेलें कडें धरून, मुखवटा पाण्यांत बुडवून, एका जागीं पडून राहिल्या होत्या. आम्ही इकडून तिकडे हातपाय मारीत मासे शोधीत होतों आणि मासे आमच्यापुढें पांगत होते. त्यांच्याभोंवतीं मात्र हळूहळू जमूं लागले. एक तर त्यांच्या बोटांना तोंड लावून गेला, असें त्या सांगतात. होडींत परत आल्यावर आम्हीं विचारलें, “काय काय पाहिलेंत?” त्या केस पिळीत म्हणाल्या, “मीं कुठें काय पाहिलें? मासेच मला पाहून गेले.” त्यांचें दर्शनशास्त्राचें वाचन आमच्याइतकें नाहीं.

किनाऱ्यावर उतरल्यावर आम्हीं तांडेलाला ठरल्याप्रमाणें पैसे दिले, आणि वरचे पांचशेंही दिले. तो ते घेणार नाहीं अशी आमची कांहींशी समजूत झाली होती. कथांतून तसे तांडेल असतात. त्यानें ते घेतले, मोजले, आणि खिशांत ठेविले. आम्हांस हायसें वाटलें कीं वाईट वाटलें, हें अद्याप ठरलें नाहीं.

न्यायाधीशांनीं काढलेल्या छायाचित्रांत राखी पाण्यावर एक राखी डाग आहे. तो डॉल्फिन आहे असें ते पाहुण्यांना सांगतात. भाचीच्या मुलानें शाळेंत सहलीवर निबंध लिहिला. त्यांत उसाशाविषयीं दोन ओळी आहेत, आमच्या पांचशें रुपयांविषयीं एक आहे, आणि ती बाईंनीं लाल शाईनें अधोरेखित केली आहे. येत्या दिवाळीच्या सुटींत पुन्हां जावें, या वेळीं मंडळी थोडी अधिक जमवावी, असा न्यायाधीशांचा निरोप आला आहे. त्याला आम्हीं उत्तर दिलेलें नाहीं. सौभाग्यवती म्हणतात, आपलें नांव घालावें. मात्र डॉल्फिनाच्या होडींत नव्हे, कड्याला धरून पडून राहण्यापुरतें.